एमडीच्या थिसिसचा पेपर करून मेडिकल जर्नलला कसा पाठवायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोलापुरात कम्युनिटी मेडिसिनला एमडी करताय, बिडी वळणाऱ्या बायकांमधल्या अ‍ॅनिमियावर थिसिस झाला, युनिव्हर्सिटीला सबमिट पण झाला, आता गाईड म्हणायलेत पेपर काढा, आणि तुम्हाला कळेना सुरुवात कुठून करायची, जर्नल कुठलं बघायचं, आणि ते रोज ईमेल येतात ना "आठवड्यात छापून देतो, एवढे पैसे भरा" त्यांना देऊन टाकावं का. मी सोलापुरातच मेडिकल कॉलेजात शिकवते आणि जर्नलांसाठी रिव्ह्यू पण करते, म्हणजे छापायच्या आधी आलेले पेपर तपासते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगते.

आधी त्या ईमेलचं बघू, कारण त्यात सगळं काम वाया जातं. नका पाठवू. पैसे जातात तेवढंच नाही, एकदा तिथं छापलं की तोच डेटा चांगल्या जर्नलला देता येत नाही, डुप्लिकेट पब्लिकेशन होतं, आणि परत मागायला गेलं तर काही जण मागे घ्यायचे पण पैसे मागतात. आयएसएसएन नंबर आहे म्हणून भुलू नका, तो फक्त ओळख क्रमांक असतो, दर्जाचा शिक्का नव्हे. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला, बाकी ग्लोबल अमुक न् सायंटिफिक तमुक फॅक्टर म्हणून जे वेबसाईटवर चमकत असतं त्याला काही अर्थ नाही. जर्नल मेडलाईनमध्ये, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या निवडक यादीत, आहे का हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या (एनएलएम) कॅटलॉगमध्ये नाव टाकून दोन मिनिटांत कळतं, ओपन अ‍ॅक्सेस असेल तर डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांच्या यादीत बघा, आणि हे त्यांच्या वेबसाईटवरच्या लोगोवरून नाही तर स्वतः त्या यादीत जाऊन बघायचं. पुढं प्रमोशनसाठी पेपर धरायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची (एनएमसी) पण जर्नल कुठल्या यादीत असावं याची (इंडेक्सिंगची) अट असते, ती त्या वेळचं नोटिफिकेशन वाचून ठरवा, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवरून नको.

आता मुख्य काम. थिसिस बारीक केला की पेपर होत नाही. थिसिसमध्ये तुम्ही जे जे मोजलं ते सगळं दाखवायचं असतं, पेपरमध्ये एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर. तो प्रश्न आधी एका वाक्यात कागदावर लिहा आणि तो जमेपर्यंत लॅपटॉप उघडू नका. "सोलापुरातल्या बिडी कामगार बायकांमध्ये अ‍ॅनिमिया किती" एवढाच प्रश्न असेल तर एडिटर म्हणणार त्यात नवीन काय, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (एनएफएचएस-५) आधीच १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के अ‍ॅनिमिया आलाय. मग तुमच्याकडं त्यापलीकडं काय आहे ते शोधा. त्याच वस्तीतल्या बिडी न वळणाऱ्या बायका घेतल्या होत्या का तुलनेला? किती वर्षं वळतात, दिवसाला किती बिड्या, तंबाखू खातात किंवा मिसरी लावतात का, हे विचारलं होतं का? त्यातलं जे नीट मोजलंय आणि दुसऱ्या कुणी फारसं मोजलेलं नाही तो तुमचा पेपर. तुलनेचा गट असला तरी "बिडीमुळे अ‍ॅनिमिया होतो" असं चुकून पण लिहू नका, क्रॉस सेक्शनल स्टडीमध्ये, म्हणजे सगळं एकाच वेळी मोजलेल्या अभ्यासात, आधी काय झालं न् मग काय झालं ते कळतच नाही, फक्त संबंध दिसतो एवढंच म्हणता येतं.

आणि एनएफएचएसशी आकडा जोडून बघताना एक गोष्ट लक्षात घ्या, त्यांनी बोटातून रक्त घेऊन हिमोक्यू या हातातल्या छोट्या मशीनवर हिमोग्लोबिन मोजलंय, तुम्ही शिरेतून घेऊन लॅबच्या अ‍ॅनालायझरवर मोजलं असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून "आमच्याकडे कमी आहे" म्हणणं बरोबर नाही. डिस्कशनमध्ये हे स्वतःहून लिहिलंत तर रिव्ह्यूअरला कळतं की या माणसाला आपला डेटा माहीत आहे.

यापुढचं मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. आपल्याकडचे पोरं-पोरी मेथड्समध्ये लिहितात "हा अभ्यास पश्चिम महाराष्ट्रातल्या एका टर्शरी केअर सेंटरमध्ये केला" आणि पुढं जातात, म्हणजे सोलापूर पुसूनच टाकतात, का तर मोठं वाटावं म्हणून. अहो तुमच्या पेपरची ताकदच ती आहे. बिडी घरी बसून वळली जाते, पान-तंबाखू कारखान्याच्या ब्रँचमधून आणायचं, वळून परत द्यायचं, पैसे हजार बिड्यांमागे मिळणार, खराब म्हणून काढलेल्या बिड्यांचे नाही मिळत, हे वाचणाऱ्याला माहीत नसेल तर "एक्स्पोजर" म्हणजे तुम्ही काय मोजलं हेच त्याला कळणार नाही. आपल्याकडं यातल्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात, काही कन्नड, मग प्रश्नावली कुठल्या भाषेत होती, भाषांतर परत उलट करून तपासलं का, विचारायला कोण गेलं, तुम्ही स्वतः की इंटर्न की आशाताई, हे लिहा. घरं कशी निवडली ते लिहा. सकाळी माल द्यायला गेलेल्या बायका पहिल्या फेरीत भेटल्या नाहीत म्हणून संध्याकाळी परत गेला असाल तर ते लिहा, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सर्व्हे थांबवला असेल तर ते पण लिहा. किती जणींनी नाही म्हटलं, किती जणींनी प्रश्नांची उत्तरं दिली पण रक्त द्यायला नको म्हणाल्या, हे आकडे बहुतेक थिसिसमध्ये सापडतच नाहीत आणि रिव्ह्यू करताना मी पहिलं तेच शोधते. निपाणीतल्या नाहीतर निजामाबादच्या एखाद्या रेसिडेंटनं तुमचं मेथड्स वाचून हाच अभ्यास तिकडच्या बिडी कामगारांवर जसाच्या तसा करता आला पाहिजे, एवढं बारीक लिहा. फक्त ब्रँचचं नाव, गल्लीचं नाव असलं काही नको, ज्यावरून बाई किंवा मालक ओळखू येईल, त्या बायकांची रोजीरोटी तिथं आहे.

स्ट्रोबची चेकलिस्ट डाउनलोड करा, निरीक्षणाच्या अभ्यासांसाठी २२ मुद्द्यांची आहे, प्रत्येक मुद्द्यासमोर आपल्या मॅन्युस्क्रिप्टचं पान लिहायचं. हे शेवटी फॉर्म भरल्यासारखं नका करू, लिहायला बसतानाच शेजारी ठेवा, अर्धे प्रश्न तिथंच सुटतात. तुमच्या मैत्रिणीचा ट्रायल असेल तर तिला कॉन्सॉर्ट ही ट्रायलसाठीची चेकलिस्ट लागेल आणि सीटीआरआयचं, म्हणजे ट्रायल नोंदवायच्या भारतीय रजिस्ट्रीचं, रजिस्ट्रेशन, ते पहिला पेशंट घ्यायच्या आधीच, १ एप्रिल २०१८ पासून मागाहून रजिस्टर करताच येत नाही. तुमचं निरीक्षणाचं काम आहे त्यामुळे तुम्हाला एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, त्याचा नंबर आणि तारीख पुरे, पण ती तारीख डेटा घ्यायला सुरुवात केली त्याच्या आधीची हवी, आणि संमती कशी घेतली, लिहिता न येणाऱ्या बाईच्या अंगठ्याला साक्षीदार कोण होतं, हे एका वाक्यात आलं पाहिजे.

लिहायचा क्रम माझ्या मते असा ठेवा की आधी टेबलं, तीन नाहीतर चार, बास. मग मेथड्स, मग रिझल्ट्स, मग डिस्कशन, इंट्रोडक्शन त्यानंतर आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अगदी शेवटी. टेबलात जे आहे ते रिझल्टच्या परिच्छेदात परत वाचून दाखवू नका. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरची ती पन्नास पानं तीन-चार परिच्छेदात बसवायचीत, जीव तुटतो पण करावं लागतं.

स्टॅटिस्टिक्सचं थोडं बोलते कारण पेपर इथं अडकतात. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या ०.००० दाखवतात ते तसंच्या तसं लिहायचं नाही, पी व्हॅल्यू शून्य नसते, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा, आणि बाकी ठिकाणी नुसतं "सिग्निफिकंट" न म्हणता खरा आकडा आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. दुसरं म्हणजे अ‍ॅनिमियासारखी गोष्ट अर्ध्याअधिक बायकांमध्ये असते तेव्हा ऑड्स रेशो फार फुगलेला दिसतो, ऑड्स रेशो तीन आला म्हणजे "तिप्पट धोका" असं नाही होत, तिथं प्रिव्हलन्स रेशो, म्हणजे एका गटातलं प्रमाण भागिले दुसऱ्या गटातलं, काढून घ्या, स्टॅटिस्टिशियनला सांगितलं की करून देतात. हिमोग्लोबिनचा कटऑफ कुठला घेतला ते लिहा, गरोदर नसलेल्या बायकांना डब्ल्यूएचओचा १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर, गरोदर बायका मिसळल्या असतील तर त्यांचा ११ आहे (दुसऱ्या तिमाहीत १०.५), आणि खरं तर त्यांना वेगळंच ठेवा.

नावांचा विषय नाजूक आहे पण टाळू नका. लेखक कोण याच्या आयसीएमजेईच्या, म्हणजे मेडिकल जर्नलांच्या एडिटरांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, चार अटी आहेत आणि चारी पूर्ण व्हाव्या लागतात: कामात ठोस वाटा, लिहिण्यात किंवा नीट तपासून सुधारण्यात वाटा, शेवटच्या प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. नुसतं डिपार्टमेंटमध्ये असणं किंवा विभागप्रमुख असणं यात बसत नाही. आता वरिष्ठांना "तुमचं नाव नाही" असं रेसिडेंटनं तोंडावर सांगायचं म्हणजे अवघडच आहे, मला कळतं. त्यावर उपाय असा की ड्राफ्ट त्यांना द्या आणि मनापासून म्हणा, सर, डिस्कशन बघून दुरुस्त्या सुचवाल का, म्हणजे जो खरंच काम करेल त्याचा वाटा खरा होतो. क्रम आधीच ठरवा, मेलवर लिहून ठेवा. रक्त घेणारे टेक्निशियन, घरोघरी सोबत आलेल्या आशाताई यांचे आभार त्यांना विचारून अ‍ॅकनॉलेजमेंटमध्ये नक्की माना. करस्पॉन्डिंग ऑथरचा, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा, ईमेल मात्र असा द्या जो रेसिडेन्सी संपल्यावर पण चालू राहील.

चॅटजीपीटीनं इंग्रजी सुधारून घेतलं तर बहुतेक जर्नल ते सांगायला लावतात, सांगा, त्यात लाज नाही, पण त्याला लेखक करता येत नाही आणि त्यानं दिलेला संदर्भ पबमेडवर स्वतः उघडून वाचल्याशिवाय घालू नका, नसलेले पेपर अगदी खऱ्यासारखे बनवून देतं ते. संदर्भांना झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, जर्नल बदललं की स्टाईल एका क्लिकवर बदलते.

जर्नल कुठलं? तुमचा विषय कामगारांचा आहे त्यामुळे मी पहिल्यांदा इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्न्मेंटल मेडिसिन बघितलं असतं, मग इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन, इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, त्यांचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा, तुमच्यासारखे पेपर छापतात का बघा, शब्दमर्यादा आणि फीचं पान आधी वाचा, अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर फी कळून घाबरगुंडी नको. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, हा नियम मोडायचा नाही.

सबमिशनला एक अख्खी संध्याकाळ काढून ठेवा. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, आधी काढा. टायटल पेजची फाईल वेगळी, मुख्य फाईल वेगळी, कारण बरेच जर्नल रिव्ह्यूअरपासून नावं लपवतात, म्हणून मुख्य फाईलमधून कॉलेजचं नाव, आभार आणि एथिक्स कमिटीच्या नंबरात कॉलेजचं आद्याक्षर असेल तर ते पण काढा, आणि वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑथर म्हणून तुमचं नाव बसलेलं असतं ते पुसा. शहराचं आणि बिडीच्या कामाचं वर्णन मात्र ठेवायचं, लपवायची ती संस्था, जागा नव्हे. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं, "आपल्या प्रतिष्ठित नियतकालिकात" वगैरे नको, काय शोधलं, त्यांच्या वाचकाला त्याचं काय, दुसरीकडं पाठवलेलं नाही, थिसिसवर आधारित आहे, झालं.

नंतर एक तर लगेच नकार येतो, रिव्ह्यूला न पाठवता, त्यात खचू नका, बहुतेक वेळा विषय त्यांच्या जर्नलचा नसतो. रिव्ह्यूला गेलं तर महिनोन् महिने लागतात. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून परत पाठवा असं, आलं म्हणजे वाईट नाही, त्यांना पेपर हवाय! प्रत्येक शेरा कॉपी करायचा, खाली उत्तर, कुठल्या पानावर काय बदललं ते. पटलं नाही तर नम्रपणे आधार देऊन नाही म्हणता येतं, रिव्ह्यूअर पण माणूस आहे, मला स्वतःला अशी उत्तरं पटलेली आहेत. नाकारलं तर त्यांचे शेरे वापरून सुधारा आणि मगच पुढच्या जर्नलला द्या, तीच फाईल तशीच पाठवू नका, आपल्या विषयाची माणसं थोडी आहेत, तोच रिव्ह्यूअर परत भेटतो.

अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर प्रूफ येतं आणि दोन-तीन दिवसच देतात. तेव्हा परीक्षा असो नाहीतर इमर्जन्सी ड्युटी, गाईड आणि तुम्ही दोघं बसून टेबलातला एकेक आकडा मूळ शीटशी ताडून बघा, एकानं वाचायचं न् दुसऱ्यानं बघायचं, आणि नावांचं स्पेलिंग ऑर्किडवर आहे तसंच आहे का ते पण.