आधी गुंडी उलटी करा

जुने अमेरिकन लष्करी गणवेश, बकलं आणि गुंड्या यांच्यावर आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न थोडक्यात देत आहोत.

पुणे : भावाने पेनसिल्व्हेनियातून गरुडाची छाप असलेल्या पाच पितळी गुंड्या पाठवल्या. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१–६५) आहेत. चारींच्या मागे ‘स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, वॉटरबरी’ आणि एकीच्या मागे ‘वॉटरबरी कंपनीज’ असं कोरलंय. खऱ्या आहेत का?

पाचवी लगेच बाजूला काढा. कनेटिकटमधल्या वॉटरबरी बटन कंपनीने ‘वॉटरबरी कंपनीज’ हे नाव १९४४ मध्ये घेतलं. ती गुंडी लिंकनच्या सैनिकाच्या कोटावर असणं शक्यच नाही.

उरलेल्या चारांचं उत्तर इतकं सरळ नाही. स्कोव्हिलचा कारखाना १८४० ते १८५० या काळात ‘स्कोव्हिल्स अँड कंपनी’ असं कोरत होता. ‘मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ हे नाव १८५० पासूनचं आणि ते विसाव्या शतकातही चालू राहिलं. म्हणजे या नावावरून ‘१८५० च्या आधीची नाही’ एवढंच ठरतं. ‘एक्स्ट्रा क्वालिटी’ एवढेच शब्द असलेल्या गुंड्याही त्या काळात भरपूर होत्या. त्यात कारखान्याचं नाव नाही म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कड बघा. खरी गुंडी पोकळ असते. पुढचा पातळ पत्रा डायमध्ये (साच्यात) दाबून उठवलेला असतो आणि त्याची कड मागच्या चकतीवर दुमडलेली असते. चकतीच्या मधोमध तारेची कडी डाखाने बसवलेली असते. दुमडीची रेघ गोल फिरताना स्पष्ट दिसली पाहिजे. पुढचं आणि मागचं एकसंध, वजन हाताला भरीव आणि गरुडाची पिसं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी झिजट असतील, तर ती ओतीव नक्कल आहे. कोटाच्या गुंडीचा व्यास साधारण १९ ते २० मि.मी. आणि बाहीच्या व टोपीच्या गुंडीचा १४ ते १५ मि.मी. असतो.

समोरची बाजू यानंतर. गरुडाच्या छातीवर ढाल असते. ढालीवर नुसत्या रेघा असतील तर गुंडी साध्या शिपायाची. मध्ये एखादं रोमन अक्षर असेल तर अधिकाऱ्याची : आय म्हणजे पायदळ, सी म्हणजे घोडदळ, ए म्हणजे तोफखाना. डी म्हणजे ड्रॅगून (घोड्यावरून जाऊन पायीही लढणारे शिपाई). त्यांच्या पलटणी ऑगस्ट १८६१ मध्ये घोडदळात वळवल्या गेल्या, त्यामुळे डी अक्षराला ग्राहक जास्त आणि नकलाही जास्त. गरुडाच्या डोक्यावर ताऱ्यांचं मंडळ असलेली गुंडी १९०२ नंतरची. त्या वर्षी सैन्याने राष्ट्रीय चिन्हातला गरुड घेतला. तुमच्या चारींवर तारे नसतील, कड दुमडलेली असेल आणि कडी मूळची असेल, तर त्या १९०२ च्या आधीच्या म्हणून ठेवायला हरकत नाही. पण ‘यादवी युद्धातल्याच’ असं छातीठोक सांगणाऱ्याकडे त्या कोणत्या कोटावरून निघाल्या याचा पुरावा मागा. त्याच नक्षीच्या गुंड्या युद्धानंतरही कित्येक वर्षं चालू होत्या.

नागपूर : अशा गुंड्या चिंचेने किंवा पितळेच्या पॉलिशने चकाचक केल्या तर चालतील का?

नको. देवघरातली समई आणि ही गुंडी यांचा हिशोब वेगळा आहे. समई भरीव असते. गुंडीचा पत्रा कागदापेक्षा थोडासाच जाड असतो आणि चांगल्या गुंडीवर सोन्याचा मुलामा असतो. तो एकदा घासला गेला की परत येत नाही. चिंच किंवा लिंबाचं आम्ल पितळेतलं जस्त आधी खातं, मागे तांब्याचे गुलाबी डाग उरतात.

अमोनियावाल्या पॉलिशची भीती वेगळी. डायमध्ये दाबलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो आणि अमोनिया लागला की असं पितळ तडकतं. हा दोष कळला तो भारतातच : ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पितळी नळ्या पावसाळ्यात तबेल्यात ठेवल्या की आपोआप चिरत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण निघालं.

मातीतून निघालेली गुंडी असेल तर शुद्ध पाण्यात (बॅटरीला घालतात ते) दोन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला. मग बांबूच्या दातकोरणीने माती सोडवा. टाचणी किंवा ब्लेड लावू नका. सुकवताना उन्हात न ठेवता टिपकागदावर ठेवा. एवढ्याने जे निघत नाही ते राहू द्या. त्या तपकिरी कांतीलाच जाणकार पैसे देतात.

न्यू जर्सी : ‘यूएस’ अक्षरांचं लंबगोल बक्कल घ्यायचं आहे. फसवणूक टाळायला काय बघू?

इथेही पाठच. हे १८३९ च्या नमुन्याचं बक्कल. मोठा प्रकार साधारण ८५ मि.मी. रुंद आणि ५५ ते ५७ मि.मी. उंच. पुढे पातळ पितळी पत्रा, मागे शिसं-कथलाचं मिश्रण ओतून भरलेलं आणि त्या ओल्या धातूतच पितळी आकडे रुतवलेले. पट्ट्याच्या बकलाला एका बाजूला दोन आकडे असतात, त्यांची चपटी टोकं कुत्र्याच्या पिलाच्या पंजासारखी दिसतात, म्हणून संग्राहक त्यांना पपी पॉ म्हणतात. दुसऱ्या बाजूला जिभेसारखा एक आकडा असतो. मागे लोखंडी तारेच्या दोन कड्या असतील तर ते पट्ट्याचं बक्कल नाही, काडतुसांच्या पेटीच्या झाकणावरची पाटी आहे. ती खोटी असते असं नाही, पण बकलाच्या भावाने घेऊ नका.

जुनं शिसं मळकट राखाडी ते तपकिरी पडतं आणि आकड्यांच्या बुडाशी जरासं खचलेलं असतं. चकचकीत शिसं म्हणजे कालचं काम. सगळीकडे एकसारखी काळी झाक असेल तर आम्ल लावून म्हातारं केलेलं. ओल्या कापसाच्या बोळ्याने कोपऱ्यात हलकेच पुसून बघा; बोळ्यावर काळं आलं तर माल परत द्या. पितळ बाहेरून आतपर्यंत भरीव असेल आणि मागे शिसंच नसेल, तरीही परत द्या.

शिशात कारखान्याचा शिक्का असेल तर भाव वाढतो. चिकोपी, मॅसॅच्युसेट्स इथल्या ई. गेलॉर्ड हा कारखाना खरोखर होता, पण हेच नाव वापरून एक मोठी लबाडीही झाली आहे. टिफनी आणि गेलॉर्ड यांची नावं कोरलेली, घोडागाड्यांची आणि रेल्वेची चित्रं असलेली भारदस्त बकलं १९६० आणि ७० च्या दशकांत बाजारात आली. ती एकोणिसाव्या शतकातली आहेत हे पटवायला एक खोटं पुस्तकसुद्धा छापलं गेलं होतं. तेव्हा दुकानदार पुस्तकातलं पान उघडून दाखवू लागला की बक्कल मागून तेवढ्याच काळजीने बघा.

१८५१ च्या नमुन्याच्या चौकोनी तलवारपट्ट्याच्या बकलाची खूण वेगळी. ते ओतीव पितळेचंच असतं, गरुडाभोवतीची पांढऱ्या धातूची माळ वेगळी लावलेली असते, आणि बक्कल व त्याची जोडपट्टी यांवर बहुधा एकच क्रमांक ठोकलेला असतो. क्रमांक जुळत नसतील तर दोन वेगळ्या पट्ट्यांचे तुकडे जोडलेले असतात.

यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या फुटीर राज्यांच्या ‘सीएस’ (कॉन्फेडरेट स्टेट्स) बकलाबद्दल एकच सल्ला : संग्रहाच्या पहिल्या पाच वर्षांत घेऊ नका.

व्हर्जिनिया : रणभूमीजवळ राहतो. मेटल डिटेक्टर घेऊन फिरलो तर?

राष्ट्रीय उद्यान सेवेच्या हद्दीत डिटेक्टर नुसता बाळगणंही गुन्हा आहे आणि संघराज्याच्या जमिनीतून वस्तू उकरण्यावर १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याने शिक्षा होते. खासगी शेतात मालकाची लेखी परवानगी घ्या. वस्तू निघाली की जागा आणि खोली तिथल्या तिथे लिहा. जागेची नोंद नसलेली गुंडी म्हणजे नुसतं पितळ.

ठाणे : चोरबाजारात ढालीच्या आकाराचा, जरीकाम केलेला बिल्ला मिळाला. खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर सूर्य आणि तारा. विकणारा ‘अमेरिकन मिलिटरी’ म्हणाला.

बरोबर म्हणाला. हा चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकन सैन्याचा खांद्यावरचा बिल्ला. सूर्य चीनचा, तारा हिंदुस्थानचा. १९४२ पासून हे सैनिक मुंबई बंदरात उतरत होते. अमेरिकेतून आलेल्या बिल्ल्यांवर यंत्राचं भरतकाम असे, पण इथल्या जरीवाल्यांकडून हाताने करून घेतलेले सैनिकांना जास्त आवडत, आणि आज अमेरिकेतले संग्राहक नेमके तेच शोधतात. आपल्याकडे बसून गोळा करण्याजोगी अमेरिकन लष्करी वस्तू हीच.

मात्र जरीकाम आजही होतं आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांसाठी गणवेशांच्या नकला भारत-पाकिस्तानातच शिवल्या जातात, त्यामुळे तपासा. जुनी जरी खाचेत काळी आणि उंचवट्यावर उजळ असते. सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून काडी दाखवा. धातूची तार शिल्लक राहिली तर ठीक, आक्रसून काळा मणी झाला तर प्लास्टिकची जरी. पाठीमागे जुन्या कामात खळीने चिकटवलेलं कापड किंवा कागद असतो. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारा. शिवणीचा दोरा निळसर पांढरा लखलखला तर संशय घ्या, पण लगेच निकाल देऊ नका. हल्लीच्या धुण्याच्या पावडरीनेही जुना कपडा तसा चमकतो. यंत्राने भरतकाम केलेल्या बिल्ल्याची कड दोरीसारखी जाड गुंफलेली असेल तर तो बहुधा १९६० नंतरचा.

रत्नागिरी : दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लोकरी जाकीट आहे. पावसाळ्यात कसर लागेल ही धास्ती. डांबरगोळ्या टाकू का?

डांबरगोळ्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही आणि प्लास्टिकच्या गुंड्या, बिल्ल्यांचा चिकट भाग त्यांनी मऊ पडतो. कडुनिंबाच्या पाल्याने अळी मरत नाही, डाग मात्र पडतात.

फ्रीझर वापरा. जाकीट कोरड्या दिवशी जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. लगेच उघडली की थंड लोकरीवर पाणी धरतं आणि जाकीट बुरशीला आयतं मिळतं. कसर वाचवण्याच्या नादात लोक हमखास चुकतात ते इथेच.

नंतर दोनदा धुतलेल्या, खळ गेलेल्या मांजरपाटाच्या पिशवीत आडवं ठेवा, घड्यांमध्ये मांजरपाटाच्याच वळकट्या. लोकरीत गंधक असतं, ते पितळेला काळं करतं, आणि पितळेचा हिरवा गंज उलट लोकरीवर उतरतो. म्हणून प्रत्येक पितळी गुंडीमागे मायलरचा (पातळ पॉलिएस्टर प्लास्टिकचा) तुकडा सरकवा : रुपयाएवढी चकती कापायची, कडेपासून मध्यापर्यंत चीर द्यायची आणि मध्यावर दोऱ्यापुरतं भोक पाडायचं. शिवण न उसवता चकती कडीभोवती बसते. पीव्हीसीची पिशवी नको. शिसं भरलेलं बक्कल प्लायवूड किंवा एमडीएफच्या खणात नको. लाकडातल्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती विषारी असते. कातडी पट्ट्याला तेल लावू नका, पितळी खिळ्यांभोवती हिरवा चिकट मळ तेलानेच जमतो.

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. कोकणात जुलैमध्ये ते जमणं कठीण, तेव्हा डब्यात सिलिका जेल ठेवा आणि खडे रंग बदलले की भाजून घ्या.

त्याच वाचकांचा दुसरा प्रश्न : आत ‘टी-४४१२’ असं शाईने लिहिलंय. ते कोणाचं ते कळेल का?

ही धोब्याची खूण. आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक. आतल्या खिशावरचं लेबल शाबूत असेल तर जाकिटाचं अधिकृत नाव, कंत्राटाचा क्रमांक, तारीख आणि माप मिळेल. सैनिक मिळणार नाही. त्यासाठी पूर्ण क्रमांक लागतो. तो कुठे सापडलाच तर पहिला अंक बघा : १ म्हणजे आपणहून भरती झालेला, २ नॅशनल गार्डचा, ३ सक्तीच्या भरतीतला. अमेरिकन सैनिकांच्या फाइली ठेवणाऱ्या सेंट लुइसच्या नोंदणी केंद्राला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवेतून मुक्त झालेल्या लष्करी माणसांच्या सुमारे ८० टक्के फाइली जळाल्या, त्यामुळे उत्तर ‘नोंद नाही’ असं येण्याची तयारी ठेवा. जाकिटाचे खिसे आणि अस्तराची खालची शिवण मात्र बोटांनी चाचपून बघा. चिठ्ठ्या, तिकिटं फाटक्या खिशातून घसरून तिथे जाऊन बसतात.