थापटणं कोणाच्या हातात आहे

लेकरा,

परवा फोनवर तुझा आवाज भरून आला होता आणि मी गच्च भरलेल्या बसमध्ये उभा होतो. नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितोय.

राज्य नाट्य स्पर्धेत तुझं नाटक झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: बोली कानाला टोचते, दुसरा अंक लांबला. आदल्या रात्री विंगेत येऊन एका जुन्या रंगकर्मीनं त्याच बोलीसाठी तुझी पाठ थोपटली होती. खरं कोणाचं, असं तू विचारतोस. दोघांचंही. एकाच्या घरात 'करायलाव', 'जायलाव' लहानपणापासून कानावर आलंय, दुसऱ्याच्या नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात लिहूनच ठेवलंय की तरुण शृंगारात रमतात, शूर रौद्रात आणि लढाईत, म्हातारी माणसं धर्मकथांत. नाटक तेच असतं, समोरचा माणूस बदलतो.

आता तू पेपरासाठी जो खुलासा लिहायला घेतलास, त्याबद्दल. तुझ्या वयात नांदेडला माझ्या नाटकाला एकानं 'रडगाणं' म्हटलं होतं. मी रात्रभर जागून चार फुलस्केप पानं लिहिली आणि उजाडताच पोस्टाच्या पेटीत टाकली. छापूनही आली. मुद्दे चुकीचे नव्हते. पण ज्या प्रवेशाची बाजू मी सगळ्यात तावातावानं मांडली होती, नेमका तोच लंगडा होता, आणि लिहितानाही ते मला आतून माहीत होतं. अजून आठवलं की जीव कसनुसा होतो.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुला माहीतच आहे. संतमंडळींच्या डोक्यावर त्यांनी थापटणं, म्हणजे मडकं ठोकायची कुंभाराची लाकडी फळी, मारून पाहिलं, बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले, आणि कच्चं मडकं ठरले. कलावंताला गप्प बसवायला ही गोष्ट फार सांगतात, ते मला पटत नाही. गोरोबाकाकांचा जन्म मडकी घडवण्यात गेला होता, म्हणून त्यांच्या थापटण्याला अर्थ होता. थापटणं हातात आलं म्हणून कोणी गोरोबाकाका होत नाही. आणि नामदेवही चिडून तिथेच बसले नाहीत. औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू केलं.

तेव्हा खुलासा पुरा लिही, पण पाठवू नकोस. आठ दिवसांनी काढून वाच आणि जिथे तुझा आवाज चढलाय तिथे पेन्सिलीनं खूण कर. मला वाटतं ती खूण टँकरच्या प्रवेशावर पडेल. मी तिसऱ्या रांगेत होतो. टँकर येतो, बाया हंडे घेऊन पळतात, आणि तुझी गंगा पुढे येऊन सव्वा पान बोलते. त्या वेळी माझ्या शेजारची बाई गंगाकडे बघतच नव्हती. मागे कलंडलेल्या रिकाम्या हंड्याकडे बघत होती. 'लांबला' म्हणणारा बहुतेक तिथेच अडखळला असणार, फक्त त्याला जागा सांगता आली नाही.

बोलीला मात्र हात लावायचा नाही. ती तुझ्या मायची आहे.

रविवारी ये. संहिता आण, अन् तो खुलासाही.

तुझा,
सर