रात्री परत येताना दोघांनी अडवलं तर कोणते डाव खरंच चालतात?

तुम्ही लिहिलंय : वय २४, वजन ५८ किलो, शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्ट. महिन्यापूर्वी रात्री घरी येताना सर्व्हिस रोडवर दोघांनी गाडी आडवी घातली. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं मोबाईल आणि पाकीट काढून घेतलं आणि तुम्ही 'पुतळ्यासारखा उभा राहिलो'. आता कराटे, क्राव मागा (इस्रायली स्वसंरक्षण पद्धत), बॉक्सिंग की लाठी-पट्ट्याचे मर्दानी खेळ, यातलं काय शिकावं आणि खऱ्या भांडणात कोणते डाव उपयोगी पडतात, हा तुमचा प्रश्न. शेवटी एक ओळ आहे, की बहिणीलाही शिकवायचंय.

आधी त्या पुतळ्याबद्दल बोलू. अचानक कुणी अंगावर आलं की हातापायाला कापरं भरतं, नीट ऐकू येत नाही, समोरच्या एका चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही. पैलवानालाही हे होतं. गाडीच्या किल्लीला भोक सापडत नाही अशी बोटांची अवस्था होते. हा भित्रेपणा नाही. ते दोघं होते, त्यांना वस्तू हव्या होत्या, त्या गेल्या आणि तुम्ही अंगावर ओरखडा न उठता घरी पोचलात. माझ्या मुलावर ती वेळ आली असती तर मी देवाकडे एवढंच मागितलं असतं.

मी कोल्हापुरातच वाढलो. बाराव्या वर्षी तालमीत गेलो, दहा वर्षं लाल मातीत काढली, पुढे ज्युदो शिकलो आणि गेली चौदा वर्षं संध्याकाळी मुलामुलींना शिकवतो. पण या विषयावर मला जे कळलंय ते मुख्यतः एका रात्रीतून.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मिरजकर तिकटीजवळ गाडीला गाडी घासली. तो म्हणाला, "काय बघतोस?" आणि मी उतरलो. अंगात दहा वर्षांची सवय होती, त्यामुळे विचार करायच्या आतच खाली बसून दुहेरी पट काढला, म्हणजे त्याचे दोन्ही पाय धरून ओढले. डाव स्वच्छ लागला. तो पाठीवर गेला आणि त्याचं डोकं डांबरावर आपटल्याचा आवाज झाला. माझा गुडघा खडीवर सोलून निघाला, आणि मी त्याच्या छातीवर असतानाच त्याच्या मित्रानं मागून बरगडीत लाथ घातली. तालमीत यातलं काहीच नसतं. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते आणि जोड लागल्यावर तिसरा माणूस मध्ये येत नाही. ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर काढली. पहाटे तो पोरगा आईशी बोलला, तेव्हा मी बाहेर येऊन रडलो. डाव चुकला असता तर मी मार खाल्ला असता. डाव बरोबर लागला म्हणून एक माणूस जाणार होता, आणि त्याच्या मागे मीही.

तेव्हापासून कुणी डाव दाखवला की मी दोनच गोष्टी बघतो. पहिली, विरोध करणाऱ्या माणसावर तो कितीदा करून बघितलाय. दुसरी, तो फसला तर मी उभा असेन की खाली, आणि त्याचा दोस्त कुठे असेल.

पहिल्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची सुरुवात केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या युद्धविद्येतले जीवघेणे फटके त्यांनी मोकळ्या लढतीतून बाजूला काढले आणि ठरलेल्या कवायतीपुरते ठेवले. अनेकांना वाटतं त्यामुळे विद्या मवाळ झाली. झालं उलटंच. डोळ्यात बोटं घालायचा सराव जोडीदारावर पूर्ण ताकदीनं करता येत नाही. फेकण्याचा डाव मात्र रोज पंचवीस वेळा करता येतो, समोरचा जीव तोडून विरोध करत असताना. आपल्या तालमीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय : रोज लढत, रोज वेगळा जोड, रोज डाव फसणं. जो डाव फक्त हवेत किंवा हात पुढे करून स्तब्ध उभ्या राहिलेल्या मित्रावर केलाय, तो त्या सर्व्हिस रोडवर हाताशी येत नाही. आणि डोक्यात पन्नास डाव भरले असतील तर कोणता करावा हे ठरवण्यातच क्षण निघून जातो. चार पुरेत.

मी नवीन माणसाला जे देतो ते असं. कुणी वाद घालत जवळ आलं की दोन हातांचं अंतर ठेवायचं आणि दोन्ही तळवे उघडे करून छातीच्या उंचीवर पुढे धरायचे, "अहो दादा, थांबा की" म्हणतो तसे. बघणाऱ्याला तुम्ही समजूत काढताय असं दिसतं, पण हात तोंडाजवळ आलेले असतात. पहिला फटका बहुतेक वेळा न सांगता येतो आणि हात खिशात असेल तर वर यायला उशीर होतो. फटका आलाच तर दोन्ही हातांनी डोकं झाका, कोपरं पुढे, हनुवटी छातीला, आणि मागे न जाता बाजूला निघा. उलटा मारायची वेळ आली तर मूठ वळू नका. कवटी कठीण असते, बोटांमागची हाडं बारीक. बॉक्सर पट्ट्या गुंडाळून वर ग्लोव्ह्‌ज घालतात ते उगाच नाही. तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग नाकाखाली किंवा हनुवटीवर ढकलायचा आणि जागा झाली की पळायचं.

मनगट धरलं असेल तर हात सरळ मागे ओढायची सगळ्यांना खोड असते आणि ती कामाची नाही, कारण त्यात तुमची ताकद त्याच्या ताकदीशी भिडते. पकडणाऱ्याची चार बोटं एकीकडे, अंगठा एकीकडे, मधे फट. तुमच्या मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर येईल असा हात वळवा, कोपर त्याच्या दिशेनं पुढे न्या आणि अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन काढा. कोपर पुढे नेताना पाऊलही टाका. लहान चणीच्या मुलीलाही हे जमतं, पण आठवडाभर भावानं खरोखर घट्ट धरल्यावर जमतं. कॉलर धरली असेल तर ती सोडवत बसू नका. त्याचा तो हात तुमच्या कॉलरवर गुंतलाय, तुमचे दोन्ही मोकळे आहेत.

सगळ्यात दुर्लक्षित डाव म्हणजे उठणं. रस्त्यावर पडलेल्या माणसावर लाथा बसतात, म्हणून माझ्याकडे पहिला महिना हाच चालतो. पडताना हनुवटी छातीला, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. खाली असताना पाय त्याच्याकडे, डोकं लांब. एक हात मागे जमिनीवर टेकवा, विरुद्ध बाजूचं पाऊल जमिनीवर रोवा, दुसऱ्या पायानं त्याच्या नडगीवर लाथ मारून अंतर करा आणि तोच पाय अंगाखालून मागे ओढून उभे राहा. तोंड त्याच्याकडेच. दिवसाला वीस वेळा, घरातल्या सतरंजीवर.

दोघं असतील तर एक दुसऱ्याच्या आड येईल असे सरकत राहा आणि कुणालाही मिठी मारून खाली जाऊ नका. मी केलं ते करू नका. हेल्मेट डोक्यावरच असू द्या, त्या वेळी त्याच्याइतकी उपयोगाची दुसरी वस्तू तुमच्याकडे नाही.

चाकूबद्दल मी कडक आहे. चाकू हिसकावण्याचे व्हिडिओ बघून कुणी माझ्याकडे आला की आम्ही त्याच्या जोडीदाराच्या हातात खडू देतो आणि त्याला पांढरा शर्ट घालायला लावतो. अर्ध्या मिनिटात पोटावर, दंडावर, मानेपाशी रेघाच रेघा. चाकू दिसला की वस्तू द्यायच्या आणि पळायचं. पळायला जागाच नसेल तर बॅग, जर्किन, गाडी, काहीही मध्ये घ्यायचं. आणि अशा झटापटीनंतर कपड्यांखाली हात घालून बघा, कारण वार लागलेल्या माणसाला त्या घाईत अनेकदा ठोसा लागला असंच वाटतं. रक्त असेल तर कापडानं घट्ट दाबून धरा आणि मदतीसाठी ११२ नंबर लावा.

आता भांडणांमधला फरक. आपल्याकडे 'काय बघतोस'वरून सुरू होणारं भांडण हे इभ्रतीचं असतं. तिथं "चुकलं भावा" एवढं म्हटलं की दहातली नऊ मिटतात. शिवी दिली, आई-बहीण काढली, की मिटत नाहीत. मी कोल्हापूरकर आहे, हे दोन शब्द तोंडातून काढायला किती जड जातात ते मला माहीत आहे, पण ते शब्द त्या रात्री मी म्हणालो असतो तर दवाखाना लागला नसता. दुसरा प्रकार तुमच्या बाबतीत झाला तो, वस्तूंसाठी. वस्तू द्या. तिसरा प्रकार म्हणजे समोरच्याला तुम्हालाच, किंवा बहिणीला, दुसरीकडे न्यायचंय : गाडीत बसवणं, अंधाऱ्या बोळात ओढणं. इथं थांबायचं नाही. पहिल्या क्षणापासून आरडाओरडा, चावणं, लाथा, सगळं, जिथं आहात तिथंच.

काय शिकायचं? जिथं आठवड्यातून तीनदा तरी खरी लढत होते ते. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग यांत ती असतेच. कराटे आणि क्राव मागाच्या बाबतीत नाव बघू नका, वर्ग बघा. एक तास कोपऱ्यात बसा. कुणी कुणाला मोकळेपणानं विरोध करतंय का, कुणी फसतंय का, फसल्यावर शिक्षक काय सांगतो? सगळे डाव पहिल्याच झटक्यात लागत असतील तर उठून या. मर्दानी खेळांवर माझं मनापासून प्रेम आहे. लाठी-पट्ट्यानं पाय हलके होतात, नजर तयार होते. त्यातला फरी-गदगा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चामडं मढवलेला गदगा आणि हातात फरी, म्हणजे छोटी ढाल, घेऊन दोघं एकमेकांवर खरोखर वार करतात आणि चुकवतात. पण लाठी गाडीवर बरोबर नसते, म्हणून तुमच्यासाठी मी आधी ज्युदो किंवा बॉक्सिंग म्हणेन. तालमीत चोविसाव्या वर्षी सुरुवात करता येते, फक्त तिथली पहाट सेकंड शिफ्ट करणाऱ्याला झेपत नाही, झोप मोडते.

वजनाची चिंता तुम्ही केलीय. याच कोल्हापुरात घडलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ पदक मिळवलं ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या गटात. चपळाईनं काय होतं ते त्यांनी दाखवलं. पण गट असतातच यासाठी की वजनानं फरक पडतो, आणि रस्त्यावर गट नसतात. ऐंशी किलोच्या माणसाला तुम्ही पाडायला जाऊ नये, त्याच्या हातातून सुटायला शिकावं. सहा महिन्यांत तेवढं होतं.

शिफ्ट सुटल्यावर दोन-तीन गाड्या मिळून निघा. सर्व्हिस रोड दोन मिनिटांनी जवळ पडत असला तरी कावळा नाक्यापर्यंत उजेडाचा मोठा रस्ताच धरा. कुणी गाडी मागे लावली असं वाटलं तर घराकडे वळू नका, चालू पेट्रोल पंपावर थांबा.

बहिणीसाठी एक वेगळी गोष्ट. मुलींना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि तिथं हातापेक्षा आधी आवाज अडतो. माझ्याकडे पहिल्या दिवशी दहापैकी आठ मुलींना ओरडताच येत नाही. तोंड उघडतं, आवाज येत नाही, मग हसू येतं. लहानपणापासून "हळू बोल" ऐकलेलं असतं. म्हणून आम्ही ओरडण्याचा सराव करतो, शब्द ठरवून. अकरावीतल्या एका मुलीनं केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, गर्दीत गल्लीतल्याच एका माणसाला मोठ्यानं सांगितलं, "काका, हात बाजूला घ्या." कंडक्टरनं घंटी मारून बस थांबवली. तिला एकही डाव करावा लागला नाही, पण मनगट सोडवायचा सराव झालेला होता म्हणूनच आवाज निघाला असं ती मला म्हणाली. एका दिवसाच्या शिबिरात वीस डाव दाखवतात त्यावर विसंबू नका, पंधरा दिवसांनी मुलींना त्यातला एकही आठवत नाही. तुम्ही घरी रोज दहा मिनिटं तिचं मनगट खरंच घट्ट धरा. मिरचीचा स्प्रे ठेवायला हरकत नाही, पण तो पर्सच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच, आणि वारा तोंडावर असेल तर तिच्याच डोळ्यात जातो.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही बचाव करायचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. तो पडला किंवा पळाला, धोका संपला, त्यानंतर घातलेली लाथ तुमचा गुन्हा ठरू शकते.

तक्रार दिल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर महिना झाला तरी द्या. मोबाईलच्या खोक्यावर किंवा बिलावर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा क्रमांक, असेल तो घ्या, तुमच्या आधीच्याच फोन नंबरचं नवीन सिम काढा, आणि तक्रारीची प्रत मिळाली की केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो मोबाईल ब्लॉक करा. ठाण्यात त्या दोघांच्या गाडीचा रंग, अंगयष्टी, बोलण्याची ढब, आठवेल ते सगळं सांगा. त्या रस्त्यानं तुमच्या शिफ्टची बाकीची पोरंही रोज येतात.