वाचकांचे प्रश्न : किल्ली हाती देण्यापूर्वी

प्रश्न : टिळकवाडीत आमचे दुमजली घर आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून वरचा मजला रिकामा होता, म्हणून गेल्या वर्षापासून तो एका ॲपमार्फत दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना देतो. लग्नाचा बस्ता बांधायला शहापुरात येणारी कुटुंबे, रुग्णाच्या सोबतीला आलेले नातेवाईक, हिवाळी अधिवेशनाच्या कामासाठी बंगळूरहून येणारी माणसे असे लोक उतरतात आणि आजवर कोणाचा त्रास झाला नव्हता. मागच्या महिन्यात मात्र चौघांचे बुकिंग असताना रात्री साडेदहाला अकरा जण आले. ज्याच्या नावे बुकिंग होते तो त्यांच्यात नव्हताच. पहाटेपर्यंत गोंगाट चालला आणि सकाळी पाहतो तो बेसिन तुटलेले, टीव्हीचा पडदा फुटलेला. बुकिंग करणाऱ्याला फोन केला, तर “मी मित्रासाठी बुक करून दिले, मला काही माहीत नाही” एवढेच उत्तर मिळाले. ॲपवर “ओळख पडताळलेली” अशी खूण होती. मग ती कशासाठी? आमचे कुठे चुकले आणि आता काय करता येईल?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य, नुकसानीचे नव्हे, तर बुकिंग करणारा आलेल्यांत नव्हता हे आहे. ॲपवरची ती खूण खातेदाराची असते. अशी घरे पाहुण्यांना मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीचे उदाहरण घेतले तर तेथे बुकिंग करणाऱ्याची ओळख कंपनी तपासते. त्याच्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाची नाही. म्हणजे खूण खरी असूनही तुमच्या दारात उभी असलेली व्यक्ती पूर्णपणे अनोळखी असू शकते. खातेदार आणि येणारा पाहुणा एकच आहे की नाही, ही जुळवणी कोणतीही कंपनी तुमच्या वतीने उंबऱ्यावर येऊन करत नाही. ती घरमालकालाच करावी लागते आणि किल्ली देण्यापूर्वीच करावी लागते, कारण सामान आत गेल्यावर रात्री अकरा वाजता अकरा जणांना बाहेर काढणे कोणालाही, विशेषतः घरात दोघेच वयस्कर असतील तर, सोपे नाही.

त्यासाठी सुरुवात आदल्या दिवशी करावी. येणाऱ्या सर्व प्रौढ व्यक्तींची नावे, गाडीचा क्रमांक, पोहोचण्याची अंदाजे वेळ आणि बुकिंग करणारा स्वतः येणार आहे की नाही, हे चार प्रश्न संदेशाने विचारावेत. हा संदेश ॲपमधल्याच संवादात पाठवावा. व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे कंपनीला आपोआप दिसत नाही आणि तंट्याच्या वेळी ते ग्राह्य धरायला लावणे कठीण जाते. त्याच संदेशात किती माणसे राहू शकतात, रात्री बाहेरची माणसे थांबू शकतात की नाही आणि आवाज केव्हा बंद व्हायला हवा, हे स्पष्ट लिहावे. चांगल्या पाहुण्याला याचा राग येत नाही. ज्याला उत्तर द्यायचे नसते तो बहुधा इथेच टाळाटाळ करू लागतो, आणि तसे झाले तर नियमांनुसार बुकिंग नाकारण्याचा किंवा कंपनीला आधीच कळवण्याचा वेळ तुमच्या हाती असतो.

पाहुणे आले की प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र पाहावे, चेहरा आणि छायाचित्र जुळवावे आणि नोंदवहीत नाव, गाव, मोबाइल क्रमांक, आल्याची वेळ लिहून सही घ्यावी. मोबाइल क्रमांकावर तिथेच एक मिस कॉल द्यावा; दहा सेकंदांचे काम आहे, पण क्रमांक खरा की खोटा ते लगेच कळते. नोंदवहीचे मथळे मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहून घ्यावेत. उद्या पोलीस चौकशीला आले तर त्यांना वही वाचता आली पाहिजे, आणि आपल्या सीमाभागात ही अडचण अनेक घरांना प्रत्यक्ष येते. किल्ली कुंडीखाली किंवा आकड्यांच्या कुलुपाच्या पेटीत ठेवून देण्याची पद्धत सोयीची असली तरी ज्या घरात मालक स्वतः राहतो तेथे तिची गरज नाही. मालक बाहेरगावी असेल तर शेजारी किंवा विश्वासातली एखादी व्यक्ती त्या वेळी दारात हजर असावी.

त्या रात्री अकरा जण दिसताच, चौघांपुरतेच बुकिंग आहे असे सांगून आत घेण्यास नकार देणे योग्य ठरले असते आणि त्याच क्षणी कंपनीला संदेश जायला हवा होता. आलेले ऐकत नसतील किंवा अंगावर येत असतील तर वाद घालत न बसता ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ मानला जातो आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे, त्यामुळे गोंगाटाबद्दलची तुमची तक्रार निव्वळ शेजारधर्माची नव्हे, कायद्याचीही आहे.

आता नुकसानीकडे येऊ. पाहुणा जाताच, काहीही न हलवता, तारीख-वेळ दिसेल असे फोटो घ्यावेत. दुरुस्तीचा अंदाज दुकानदाराच्या छापील कागदावर घ्यावा. वस्तू विकत घेतल्याचे जुने बिल शोधावे. पाहुणा येण्यापूर्वीचे खोलीचे फोटो असतील तर तुमचे म्हणणे कितीतरी भक्कम होते, म्हणून पुढच्या वेळेपासून प्रत्येक बुकिंगच्या सकाळी पाच-सहा फोटो काढून ठेवावेत. कंपनीकडे मागणी करण्याची मुदत लहान असते. एअरबीएनबीच्या नुकसानभरपाई योजनेत ती पाहुणा निघून गेल्यापासून १४ दिवसांची आहे. तुमच्या ॲपची मुदत किती आहे ते त्याच्या अटींत पाहा. मुदत उलटली असली, तरी बुकिंग करणाऱ्यावरचा तुमचा हक्क संपत नाही. “मित्रासाठी केले” हे उत्तर त्याला सोडवत नाही, कारण अटी मान्य करून जागा घेणारा तोच आहे. करारभंगाच्या भरपाईचा दावा मुदतीच्या कायद्याप्रमाणे ३ वर्षांच्या आत करता येतो. दावा करण्यापूर्वी स्पीड पोस्टाने लेखी मागणी पाठवावी. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

पोलिसांत जाण्याविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधील नुकसानीचा गुन्हा हेतूने केलेल्या किंवा नुकसान होईल हे माहीत असून केलेल्या कृत्यासाठी आहे. नुकसान २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक, पण १ लाखाच्या आत असेल, तर शिक्षा २ वर्षांपर्यंत आहे. चुकून धक्का लागून फुटलेल्या वस्तूसाठी मात्र हे कलम लागत नाही. तेथे भरपाईच मागावी लागते. तसेच भिंतीवर “नियम मोडल्यास दहा हजार रुपये दंड” असा फलक लावून तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. त्यामुळे फलकावर मोठा आकडा लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष खर्च सिद्ध करणारे कागद जपणे अधिक उपयोगाचे आहे.

या अनुभवानंतर काही मालक घरात कॅमेरे बसवतात. दाराबाहेर, पाहुण्याला आधी सांगून, ते चालेल. खोलीत किंवा दिवाणखान्यात कदापि नाही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या कॅमेऱ्यांना सर्वत्र मनाई केली आहे, आणि एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र त्याच्या संमतीवाचून टिपणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा ठरतो. पाहुण्याने आपली ओळख द्यावी अशी अपेक्षा धरणाऱ्या मालकाने त्याचा एकांत जपलाच पाहिजे.

प्रश्न : खानापूर तालुक्यात जांबोटीजवळ आमचे शेतघर आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटाकडे जाणारे लोक येतात. यंदा गोव्याहून दोन परदेशी पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागते का?
— एक वाचक, जांबोटी

उत्तर : होय, आणि यात दिरंगाई करू नका. परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने त्याच्या आगमनापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवायची असते. हा अर्ज वर्षानुवर्षे “फॉर्म सी” या नावाने ओळखला जातो. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी २०२५ चा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला असून त्यातही निवासाची जागा देणाऱ्यावर ही जबाबदारी आहे. ती फक्त हॉटेलांपुरती नाही. दोन खोल्यांच्या घरालाही लागू होते. पारपत्र आणि व्हिसा यांच्या प्रती लागतात, म्हणून त्या आधीच मागवाव्यात. जांबोटी-कणकुंबीकडे पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा आगमनाच्या दिवशीच माहिती भरून टाकावी. पाहुणा परदेशी आहे की नाही हे पारपत्रावरून ठरते, नावावरून किंवा बोलण्यावरून नाही. मराठी आडनावाचा, मराठी बोलणारा पाहुणाही दुसऱ्या देशाचा नागरिक असू शकतो.

शेतघर नियमितपणे देत असाल तर जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयात होमस्टे म्हणून नोंदणीची चौकशीही करावी.

प्रश्न : आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी कोल्हापूरहून बेळगावला आलो होतो. घरमालकाने माझे मूळ आधार कार्ड आणि वाहन परवाना तीन दिवस स्वतःकडे ठेवून घेतला. शिवाय गाडी एमएच ०९ पासिंगची पाहून दोनदा कारण विचारले, त्याचे वाईट वाटले. पाहुण्याने किती मुकाट्याने ऐकावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ओळखपत्र दाखवणे हे तुमचे कर्तव्य होते, ते सोडून जाणे नव्हते. मालकाने पाहावे, नोंद करावी आणि तिथल्या तिथे परत द्यावे. परवाना त्याच्या कपाटात असताना तुम्ही गाडी चालवत होता, याचा विचार त्याने करायला हवा होता. अशा वेळी सरकारच्या डिजिलॉकर ॲपमधला परवाना दाखवावा, तो वाहतूक पोलीसही मान्य करतात.

आधारच द्यावे असा आग्रहही नको. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी संस्थांना आधार वापरू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ मधला भाग रद्द केला आहे. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र पुरेसे आहे. आधार द्यायचेच असेल तर शेवटचे ४ अंकच दिसणारे झाकलेले आधार द्यावे. मालकाला खातरजमा हवी असेल तर कार्डावरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या ॲपने वाचता येतो. त्यात नाव आणि छायाचित्र दिसते, आणि झेरॉक्सपेक्षा ही तपासणी कितीतरी खात्रीची आहे, कारण झेरॉक्स कोणीही बदलू शकतो. मालकाने फोनमध्ये फोटो घेतलाच, तर काम संपल्यावर तो पुसण्यास सांगण्यात काही गैर नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचे सूत्र हेच आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्यापुरतीच ती वापरावी.

गाडीच्या क्रमांकाविषयी मी मालकांना स्पष्ट सांगू इच्छितो. निपाणीपासून चंदगडपर्यंत दोन्ही बाजूंना आपलेच सगेसोयरे आहेत, आणि एमएच, केए किंवा जीए ही अक्षरे माणसाच्या वर्तनाविषयी काहीही सांगत नाहीत. क्रमांक लिहून घ्यावा तो सर्वांचा, आणि विचारावे तेही सर्वांना सारखेच. आजारी आईसाठी आलेल्या मुलाला दोनदा जाब विचारायचा आणि चौघांच्या नावावर आलेल्या अकरा जणांना किल्ली द्यायची, अशी पडताळणी कोणाचेच रक्षण करत नाही. तुम्ही मालकाला हे सौम्य शब्दांत लेखी कळवावे आणि ॲपवर अभिप्राय देण्याची मुदत उरली असेल, तर मूळ कागद ठेवून घेतल्याचा उल्लेख अवश्य करावा, म्हणजे पुढचा पाहुणा झेरॉक्स सोबत घेऊन येईल.