साइनचा प्रोग्राम स्वतः लिहिणाऱ्यास

साइनचे मूल्य काढणारा प्रोग्राम तुम्ही स्वतः लिहायला घेतलात, हे मला मनापासून आवडले. ३० रेडियनसारख्या (रेडियन हे कोन मोजण्याचे एकक) मोठ्या कोनाला त्याचे उत्तर चुकते, ही तुमची अडचण. तुम्ही वापरलेली श्रेणी (एकामागून एक पदे मिळवत-वजा करत साइन काढण्याचे सूत्र), जी चौदाव्या शतकातील केरळच्या माधवांच्या नावे ओळखली जाते, ती चुकीची नाही. फक्त तिला फार मोठा कोन दिला गेला आहे. कोन ३० रेडियन असताना तिची मधली पदे सुमारे ७८ हजार कोटींपर्यंत वाढतात आणि परस्परांतून वजा होऊन उत्तर मात्र −१ ते १ च्या दरम्यान यायचे असते. डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणकाच्या दशांश संख्या साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, जेमतेम १६ सार्थ अंक मावतात, त्यामुळे चौथ्या दशांश स्थळापुढे उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून आधी पाच पूर्ण फेरे, म्हणजे १०π, वजा करा. उरलेल्या सुमारे −१.४१५९ रेडियनला दहा पदे पुरतात.

सुरुवातीला आणखी इतके सांभाळा:

- कोन अंशांत (डिग्रीत) असेल तर तो रेडियनमध्ये बदलून घ्या.
- घात आणि फॅक्टोरियल दर वेळी नव्याने काढू नका. मागच्या पदाला गुणून पुढचे पद मिळवा.
- π चा साइन नेमका शून्य येणार नाही, कारण संगणकात साठवलेला π मुळात अंदाजे असतो. तेव्हा उत्तराची शून्याशी थेट बरोबरी तपासू नका, छोटी मर्यादा ठरवा.

कॉर्डिक आणि चेबिशेव्ह बहुपदी या साइन काढण्याच्या इतर पद्धती तूर्त राहू द्यात.