तिने नाक टोचलं आणि मला सांगितलं नाही

"मॅडम, हे नॉर्मल आहे का?"

कधी भुवई टोचलेली असते, कधी जीभ, कधी बेंबी, कधी मुलाच्या कानात एकाऐवजी पाच टोचणी. प्रश्न मात्र हाच. समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊन हे विचारणारे आईवडील शिकलेले, समजूतदार असतात, आणि आतून पार घाबरलेले असतात. आपलं मूल स्वतःला इजा करून घेतंय की काय, वाईट संगतीला लागलंय की काय, असं त्यांना वाटत असतं. सगळ्यांना एकत्र उत्तर द्यावं म्हणून एका मायलेकींची गोष्ट सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे, ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे.

मुलगी एकोणीस वर्षांची. तिने नाकाचा मधला पडदा टोचून घेतला होता. त्यात घोड्याच्या नालासारखी उघड्या तोंडाची कडी घालतात, आणि ती वर वळवली की नाकपुड्यांत दडते, समोरच्याला दिसत नाही. चार महिने ती घरात शिरण्याआधी कडी वर वळवत होती. एका रात्री झोपेत कडी खाली घसरली, आणि पांघरूण सारखं करायला आलेल्या आईला दिसली. आईने तिला उठवलं नाही. पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिली.

पहिल्या भेटीत आई एकटीच आल्या. "आजकालचं खूळ आहे हे सगळं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना ओत्झीबद्दल सांगितलं. 1991 मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात सापडलेला सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या कानाच्या पाळ्यांना भोकं आहेत, तीही ताणून मोठी केलेली. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स 1649 मध्ये शिरच्छेदासाठी गेला तेव्हा त्याच्या कानात मोती होता. आई ऐकून घेत होत्या, पण चेहरा सैल होत नव्हता. साहजिक होतं. हजारो वर्षं लोक एखादी गोष्ट करत आले, एवढ्यावरून आपल्या लेकीने ती का केली हे कळत नाही.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "तिला दुखवून घ्यायला आवडतं का?"

हा प्रश्न मी कधीच हसण्यावारी नेत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या याश्चिलान नगरातलं एक शिल्प आहे. शोक नावाची राणी गुडघ्यांवर बसून काटे ओवलेली दोरी जिभेतून ओढते आहे. तिथे वेदना आणि रक्त हाच नैवेद्य होता. पण इथिओपियातल्या मुर्सी मुलीचा खालचा ओठ चकतीसाठी कापतात, तेव्हा वेदना ही फक्त मोजावी लागणारी किंमत असते. हवी असते ती चकती, आणि तिच्यासोबत येणारं मोठ्या बाईचं स्थान. मुलांशी बोलताना मी हाच फरक शोधते. दुखणं हवं होतं, की दुखूनही काहीतरी हवं होतं?

दुसऱ्या भेटीला मुलगी आली. हातात फोन, फोनमध्ये पुरावे. रोमन सैनिक स्तनाग्रांतल्या कड्यांना झगा अडकवायचे, बेंबी टोचणं हा इजिप्तच्या राजघराण्याचा मान होता, वगैरे.

"हे 1970 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डग मॅलॉयने पसरवलेलं आहे," मी म्हणाले. "याला कसलाही आधार नाही. तुझ्या बाजूने बोलायला इतिहासाची गरजच नाहीये. तू आपली तुझं सांग."

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "दुखेल म्हणून दोन महिने टाळत होते."

म्हणजे दुखणं हवं नव्हतं. झोप, जेवण, मैत्रिणी, अभ्यास, सगळ्याची चौकशी केली. हातांवर, मांडीवर कुठे वळ नव्हते. माझी काळजी कमी झाली, पण संपली नाही. जी गोष्ट लोक मिरवण्यासाठी करतात, ती हिने लपवण्यासाठी का केली?

तिसऱ्या भेटीत दोघींना एकत्र बसवलं आणि मी सुश्रुतसंहितेतलं कर्णवेधाचं वर्णन सांगितलं. ते मला फार आवडतं. हा शल्यवैद्य बाळाला आधी दाईच्या मांडीवर बसवायला सांगतो. खेळणी दाखवून रमवायचं, गोंजारायचं, कानाची पाळी डाव्या हाताने ओढून धरायची, आणि सूर्याच्या उजेडात जिथे पाळी पारदर्शक दिसते त्या जागी उजव्या हाताने हळूहळू, सरळ टोचायचं. मग कापसाची वात घालायची, तेल सोडायचं, दर तीन दिवसांनी थोडी जाड वात. शस्त्रक्रियेच्या ग्रंथात मांडी आणि खेळणं आहे!

आईचा हात नकळत कानाकडे गेला. "मी चार वर्षांची होते. दुखलेलं काही आठवत नाही. आजीने मला घट्ट धरलं होतं, तिच्या लुगड्याचा वास आठवतो."

मुलगी जमिनीकडे बघत होती. "टोचणाऱ्या ताईने मला विचारलं, सोबत कोण आलंय? मी म्हटलं, आई बाहेर थांबलीय."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला बरीच वर्षं लागली. मग आई एवढंच म्हणाल्या, "मी आले असते गं." आणि लगेच, प्रामाणिकपणे, "नसते आले. भांडले असते."

मुलगी पहिल्यांदा हसली.

माझं म्हणणं त्या दिवशी पक्कं झालं. टोचून घेणं जुनंच आहे, एकटीने जाऊन टोचून घेणं नवीन आहे. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या त्लिंगित स्त्रियांच्या ओठातलं लेणं वयाबरोबर मोठं होत जायचं, आणि ते बघून तिचं कूळ आणि मान अख्खं गाव ओळखायचं. हे नेहमीच सुखाचं होतं असं नाही. बायबलच्या निर्गम पुस्तकात सहा वर्षांनी सुटका नाकारून मालकाकडेच राहणाऱ्या गुलामाचा कान दाराशी नेऊन अरीने टोचायला सांगितलं आहे. अरुणाचलच्या आपातानी स्त्रिया नाकपुड्यांत मोठ्या चकत्या घालायच्या. 1970 च्या दशकात तिथल्या तरुण पिढीनेच ती प्रथा थांबवली, कारण खोऱ्याबाहेर त्यावरून हिणवलं जायचं. आज तिथे आजीच्या नाकात चकत्या आहेत आणि नातीचं नाक मोकळं आहे. म्हणून मला वाटतं, टोचणं असो वा न टोचणं, त्यात 'मी कुणाची' हे सांगितलेलं असतं. घरात ते ऐकायला कुणी नसेल, तर मूल ते दुसरीकडे सांगतं.

म्हणून पालकांनो, पहिलं वाक्य "काढ ते आधी" असू नये. "सोबत कोण होतं?" असं विचारा, आणि "त्या आठवड्यात कसं चाललं होतं तुझं?" असं विचारा. उत्तरात रिकामेपणा असेल, दुखल्यावर बरं वाटतं असं मूल म्हणत असेल, अंगावर लपवलेल्या जखमा असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. तसं नसेल तर काळजी जखमेची घ्या. नाक आणि कानाची कूर्चा, म्हणजे आतलं लवचीक हाड, सुईनेच टोचावी, बंदुकीने नाही. बंदुकीने ऊती चिरडतात आणि तिचं नीट निर्जंतुकीकरण होत नाही. निकेल टाळा, टायटॅनियम चांगलं. हात धुतल्याशिवाय कडीला बोट लावू नये, सलाईनने पुसावं. पू झाला तर घाबरून कडी ओढून काढू नका. भोक मिटलं की पू आत कोंडतो. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मूल अजून लहान असेल तर "थांब" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, फक्त कधीपर्यंत तेही सांगा.

पाच महिन्यांनी त्या आईंचा फोन आला. मुलीला आता कानाच्या वरच्या कडेला टोचायचं होतं.

"मॅडम, ते भरायला किती दिवस लागतात?"

"कूर्चा आहे. सहा महिने ते वर्षभर."

पलीकडे त्या कुणाला तरी विचारत होत्या. मग म्हणाल्या, "परीक्षा झाली की जाऊ म्हणतोय आम्ही."