कायदा-सल्ला : फाशीचा कैदी मनोरुग्ण असेल तर?

प्रश्न : खुनी माणूस मनोरुग्ण ठरला की फाशी टळते म्हणे. मग उद्या जो तो वेड पांघरून पेडगावला जाईल! – एक वाचक, म्हापसा

उत्तर : टळू शकते, पण नुसत्या चिठ्ठीवर नव्हे. मनोविकारामुळे खून करताना आपण काय करतोय हेच कळत नव्हते, असे सिद्ध झाले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 खाली (जुन्या भारतीय दंड संहितेचे 84) तो गुन्हाच ठरत नाही. तुमचा रोख शिक्षेनंतरच्या आजारावर दिसतो. 2014 मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फाशी रद्द करण्याचे कारण मानला. 2019 मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका खटल्यात निकष आला : ही शिक्षा कसली आणि कशासाठी, हेच कैद्याला उमगू नये इतका आजार तीव्र हवा. स्किझोफ्रेनियासारखे विकार यात बसतात. फाशीच्या धास्तीने झोप उडाली, एवढ्याने भागत नाही. सिद्ध करायचा भार कैद्यावर. आणि फाशी टळली म्हणजे सुटला असे नव्हे. 2019 च्या त्याच खटल्यात कैद्याला मरेपर्यंत तुरुंगातच ठेवायचा हुकूम झाला.

राहिले सोंग. ‘कानात आवाज येतात’ म्हणायला काही लागत नाही. पण आठवडेच्या आठवडे अंग न धुणे, ताटाकडे न बघणे, बोलता बोलता भरकटणे हे वॉर्डात रात्रंदिवस नर्सच्या नजरेखाली वठवणे महाकठीण. म्हणून एका भेटीतल्या दाखल्यापेक्षा महिनोन्‌महिन्यांच्या नोंदींना वजन.

प्रश्न : घरच्यांनी काय करावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी कागद. अटकेपूर्वी बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात किंवा खाजगी डॉक्टरकडे उपचार झाले असतील तर केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावून वकिलाकडे द्या. कैद्याला वकील मोफत मिळतो. तुरुंगातल्या दवाखान्याच्या नोंदी वकिलाने न्यायालयामार्फत मागवाव्यात. 2022 च्या मनोज खटल्यापासून आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल सरकारनेच सत्र न्यायालयापुढे ठेवायचा आहे. तो आला नाही तर तिथेच लेखी हरकत घ्यावी. दयेच्या अर्जापर्यंत थांबणे महागात पडते.

खरा घोळ नोंदींतच असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 103 तुरुंगाच्या डॉक्टरकडून दर तीन महिन्यांनी काय मागते? तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत, असा दाखला! किती आहेत असे न विचारता ‘नाहीत’ असे लिहून घेणारा हा नियम आम्हाला उफराटा वाटतो. आरडाओरडा करणारा कैदी निदान डॉक्टरच्या नजरेस पडतो. कोपऱ्यात गप्प बसणारा त्या दाखल्याखाली दडपला जातो. म्हणून भेटीच्या दिवशी त्याच्या वागण्यात काही वेगळे दिसले, तर तुरुंग अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.